हातातलं काम आधी, नवी आवृत्ती मग : खान्देशातल्या एका कॉलेज लॅबचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यात तापीकाठी एक तालुक्याचं गाव आहे. तिथल्या कॉलेजच्या संगणक लॅबमधली मशीन रिकाम्या वेळात दूरच्या संशोधनाची आकडेमोड करून देतात. २०२५च्या पावसाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत त्यांची प्रणाली बदलताना जे घडलं ते इथे मांडलं आहे. कॉलेज, माणसं आणि ज्या प्रकल्पाच्या कामांवर गाडी अडली तो प्रकल्प, यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मी त्या विभागाचा नाही, पण लॅबची नोंदवही आणि मशीनचे लॉग मी पाहिले आहेत आणि तिथल्या लोकांशी सविस्तर बोललो आहे.

लॅबमध्ये १६ मशीन. त्यांतली १० एकाच खेपेत घेतलेली, इंटेलच्या चौथ्या पिढीची आय-थ्री, प्रत्येकी ४ जीबी रॅम आणि डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली. आणखी चार त्याच वयाची, पण विंडोज १० वर. कोपऱ्यातली दोन सर्वांत जुनी, प्रोसेसरच ३२ बिटचा, म्हणजे आजच्या ६४ बिटच्या आधीचा, त्यांवरही डेबियन ११.

विभागप्रमुख सर विद्यार्थी असल्यापासून सेटी@होमला, म्हणजे परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या प्रकल्पाला, संगणक देत आले. आपल्या मशीनचा रिकामा वेळ दूरच्या संशोधनाला द्यायचा, ही कल्पना घराघरांत पोचवली ती मे १९९९मध्ये सुरू झालेल्या याच प्रकल्पाने. पुढे सेटी चालवणाऱ्या बर्कली विद्यापीठातल्याच डेव्हिड अँडरसन यांच्या गटाने बॉइंक हे सामायिक सॉफ्टवेअर तयार केलं आणि एकाच क्लायंटवर (आपल्या मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रामवर) अनेक प्रकल्पांना हातभार लावणं सोपं झालं. ३१ मार्च २०२० रोजी सेटीने नवीन कामं पाठवणं थांबवलं. नेमकं त्याच वेळी करोनाच्या अभ्यासासाठी फोल्डिंग@होमकडे जगभरातून लोक धावत होते. सरांनी घरचं मशीन तिकडे लावलं आणि टाळेबंदी उठल्यावर लॅबसाठी प्राचार्यांकडे लेखी परवानगी मागितली. हे महत्त्वाचं आहे. बॉइंकचा नियमच आहे की मशीन आपलं तरी असावं किंवा ज्याचं आहे त्याची परवानगी तरी असावी. कॉलेजचं मशीन आणि कॉलेजची लाईट परस्पर दान करण्याचा अधिकार कुणालाच नाही, हेतू कितीही चांगला असो.

परवानगी तीन अटींवर मिळाली. प्रॅक्टिकलला अडचण येता कामा नये. विजेचा खर्च मोजून महिन्याला दाखवायचा. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत काम पूर्ण बंद. शेवटची अट प्राचार्यांनी स्वतःहून घातली होती आणि ती रास्तच होती. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लॅबला एसी नाही, आणि पंख्याखाली पूर्ण भारावर चाललेला प्रोसेसर आपोआप वेग कमी करून कसाबसा तग धरतो. वीज जळते, काम मात्र होत नाही.

मोजणी अशी निघाली : आय-थ्रीचं एक मशीन पूर्ण भारावर साठेक वॅट घेतं. रात्रीचे दहा तास १० मशीन चालली तर सहा युनिट. हा आकडा महिन्याच्या महिन्याला नोंदवहीत आहे.

प्रकल्प दोन निवडले होते. पहिला आइन्स्टाइन@होम. हा २००५मध्ये सुरू झाला. गुरुत्वीय लहरींच्या आणि रेडिओ दुर्बिणींच्या डेटात तो पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारे मृत तारे, शोधतो, आणि २०१०मध्ये घरगुती संगणकांच्या बळावर त्याने पहिला नवा पल्सार शोधलाही. त्याची कामं काही तासांची, मुदत साधारण दोन आठवड्यांची. दुसरा प्रकल्प हवामानाच्या प्रतिकृती चालवणारा. त्याचं एकेक काम कित्येक दिवस चालतं. कापूस आणि केळीवर जगणाऱ्या भागातल्या मुलांना हवामानाचं काम जवळचं वाटणार हे उघड होतं. मॉनिटरवर प्रतिकृतीतली वर्षं सरकताना ती थांबून बघत.

अडचण

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’, आली. तिकडे १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपणार होता आणि ती चार मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नव्हती. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. सगळ्या लॅबला एकच प्रणाली असावी ही मागणी जुनी होती. आता तिला तारीख मिळाली.

स्वयंसेवी संगणनाच्या बाजूनेही एक कारण होतं. प्रकल्पांचे प्रोग्राम वेळोवेळी नव्याने बांधले जातात. नव्या प्रणालीवर बांधलेल्या प्रोग्रामला जीलिबसी ही मूळ लायब्ररीही (प्रोग्रामना लागणाऱ्या तयार कोडचा संच) तेवढीच नवी लागू शकते. डेबियन ११मध्ये ती २.३१, १२मध्ये २.३६, १३मध्ये २.४१. आज ना उद्या एखादं काम ‘इतकी जुनी लायब्ररी चालणार नाही’ म्हणून परत फिरणार हे दिसत होतं.

विद्यार्थ्यांत एक अपेक्षा अशीही होती की नवं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आलं की वेग वाढेल, कामाबद्दल मिळणारं क्रेडिट (गुण) वाढेल. सरांनी ती सुरुवातीलाच खोडून काढली. प्रोसेसर तोच, प्रकल्पाने पाठवलेला प्रोग्राम तोच, तर वेग कुठून येणार? बॉइंकची चाचणी नव्या प्रणालीवर वेगळा आकडा दाखवते, कारण तो क्लायंट वेगळ्या कंपायलरने (कोडमधून प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाने) बांधलेला असतो. खऱ्या कामाला त्याचा काही उपयोग नाही.

खरी अडचण वेगळीच होती. प्रयोग करायचा होता तेव्हा मशीन रिकामी नव्हती. प्रत्येकावर घेतलेली कामं होती, त्यांना मुदती होत्या, आणि हवामानाची काही कामं अर्ध्यावर होती. फॉरमॅट मारला की ती गेली. प्रकल्पाच्या सर्व्हरला ते लगेच कळतही नाही. तो मुदत संपेपर्यंत वाट बघतो आणि मगच काम दुसऱ्या कुणाला पाठवतो. आपण घेतलेल्या कामाच्या निकालाची तिकडे कुणीतरी तेवढे दिवस वाट बघत राहतं.

पर्याय

बैठकीत चार मार्ग मांडले गेले.

आहे तसंच राहणं हा पहिला. डेबियन ११ला दीर्घकालीन आधार ३१ ऑगस्ट २०२६पर्यंत होता, म्हणजे एक हंगाम निघाला असता. पण विंडोजच्या चार मशीनचा प्रश्न तसाच राहिला असता आणि पुढच्या वर्षी हीच बैठक पुन्हा भरली असती.

दुसरा मार्ग चालू प्रणालीवरच पायरी चढण्याचा. डेबियनमध्ये ११वरून थेट १३वर उडी मारता येत नाही, आधी १२ करावं लागतं. १० मशीनवर दोन-दोन पायऱ्या, मध्येच लाईट गेली तर अर्धवट सुटलेली पॅकेजेस. लॅब असिस्टंट आबा या मार्गाच्या विरोधात ठाम होते. “फॉरमॅट बरं. अर्धवट अपग्रेड निस्तरत बसणं मी केलंय,” एवढंच ते म्हणाले, आणि त्यांच्या अनुभवापुढे कुणी वाद घातला नाही.

तिसरा, उबुंटू २४.०४ ही दुसरी लिनक्स प्रणाली. एप्रिल २०२४मध्ये आलेली, पाच वर्षांच्या आधाराची आवृत्ती. मुलांच्या घरच्या लॅपटॉपवर तीच असते. हा पर्याय अजिबात वाईट नव्हता, आणि दुसऱ्या कुणी तो निवडला तर मी त्यांना अडवणार नाही. इथे दोन गोष्टी आड आल्या : ४ जीबी रॅम, आणि लॅबच्या सगळ्या लेखी सूचना डेबियनच्या होत्या.

चौथा, डेबियन १३ नव्याने टाकणं. हाच ठरला. पण कधी आणि कोणत्या मशीनपासून, यावर खरी चर्चा झाली.

पहिला निर्णय : थांबायचं किती

विद्यार्थ्यांना ऑगस्टमध्येच सुरुवात करायची होती. सरांनी पहिल्या दुरुस्ती-आवृत्तीपर्यंत थांबायचं ठरवलं. उबुंटूही आपल्या जुन्या दीर्घकालीन आवृत्तीच्या वापरकर्त्यांना नवीची सूचना पहिली दुरुस्ती आल्यावरच देते, यामागेही तोच विचार आहे. डेबियन १३.१ आली ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवून ठेवली गेली.

थांबण्याचा काळ फुकट गेला नाही. बॉइंकमध्ये प्रत्येक प्रकल्पाला ‘नवीन काम घेऊ नको’ असं सांगता येतं. हवामानाच्या प्रकल्पाला ते सगळ्या मशीनवर ऑगस्टमध्येच सांगितलं गेलं. चालू कामं संपत गेली, निकाल परत जात राहिले, नवीन आली नाहीत. आइन्स्टाइनची छोटी कामं तेवढ्यात सुरू राहिली, म्हणजे मशीन रिकामंही बसलं नाही. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच वाटतो. यात तांत्रिक अवघड काही नव्हतं. एका मेन्यूतली एक ओळ, आणि ती वेळेवर निवडण्याची काळजी. बरेच जण नवी आवृत्ती हातात आल्यावर ही ओळ शोधायला लागतात.

दुसरा निर्णय : एकच मशीन, आणि शेजारी तुलनेला जुनं

१० आय-थ्रींपैकी खिडकीपासून लांबचं, तुलनेने थंड राहणारं एक मशीन प्रयोगासाठी निवडलं. त्याच्या शेजारचं, अगदी तसंच, डेबियन ११वर जसंच्या तसं ठेवलं. दोघांना दोन्ही प्रकल्प द्यायचे आणि निकालांची तुलना करायची.

इथे यशाची व्याख्या आधीच लिहून ठेवली होती, आणि ती नेमकी होती : मशीन सुरू झालं, पडदा सुंदर दिसला, कामं शंभर टक्क्यांवर पोचली, यातलं काहीही यश धरायचं नाही. सर्व्हरने निकाल ग्राह्य धरला तरच यश. आइन्स्टाइनसारखे प्रकल्प तेच काम दोन वेगवेगळ्या मशीनना देतात आणि उत्तरं जुळली तरच स्वीकारतात. जुळली नाहीत तर तिसऱ्याला पाठवतात. ही जुळणी व्हायला दिवस लागतात, कारण दुसरं मशीन जगात कुठेतरी स्वतःच्या सवडीने चाललेलं असतं. म्हणून प्रयोग दोन दिवसांत आटोपणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

कामाची सुरुवात आणि पहिला अडथळा

डेबियन १३ टाकताना डेस्कटॉप म्हणून ग्नोम निवडला गेला. जुन्या मशीनवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप होता. रात्री कामावर सोडलेलं मशीन सकाळी झोपलेलं सापडलं. ग्नोम काही वेळ कुणी हात लावला नाही की मशीन झोपवतो. झोप बंद करून हा प्रश्न पाच मिनिटांत मिटला, आणि ४ जीबीचा विचार करून पुढच्या मशीनना पुन्हा एक्सएफसीईच द्यायचं ठरलं.

मग आइन्स्टाइनची कामं नीट चालू लागली आणि हवामानाच्या प्रकल्पाला पुन्हा दार उघडलं. पहिलं काम उतरलं, सुरू झालं आणि सेकंदभरात ‘संगणन त्रुटी’ दाखवून संपलं. दुसरं, तिसरं, तसंच. थोड्याच वेळात यादी लाल झाली. कित्येक दिवस चालायची कामं सेकंदात मरत होती आणि त्यांच्या जागी नवीन येत होती.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मशीन नवं कोरं असलं तरी बॉइंकच्या आवडीनिवडी खात्याबरोबर येतात. खात्यावर दोन दिवस पुरेल इतका साठा ठेवण्याची जुनी सेटिंग होती. इंटरनेट वारंवार जातं म्हणून कधीतरी केलेली. नव्या मशीनने ती इमानाने पाळली आणि ते साठा भरत राहिलं. सर्व्हरच्या बाजूला याला एक संरक्षण असतं : चुका वाढल्या की त्या मशीनचा रोजचा कोटा कमी होत जातो आणि ग्राह्य निकाल येऊ लागले की पुन्हा वाढतो. त्यामुळे नासाडीला मर्यादा आली, पण काही कामं हकनाक गेली ती गेलीच.

आबांनी सगळ्यात आधी ‘नवीन काम घेऊ नको’ दाबलं, मग कारण शोधायला बसले. हा क्रम बरोबर होता.

लॉगमध्ये लिहिलं होतं की प्रोग्राम सुरू करता आला नाही, कारण ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी शेजारी होती. तिने प्रकल्पाचा फोल्डर उघडून दाखवला. “सर, फाइल तर समोर आहे. आकारही बरोबर आहे, चालवायची परवानगीही आहे. मग नाही कशी म्हणतंय?” परवानग्या तपासल्या, डिस्कवरची जागा तपासली. फाइल खराब उतरली असेल म्हणून पुन्हा उतरवली. संदेश तोच.

शेवटी तिनेच ‘फाइल’ ही आज्ञा त्या प्रोग्रामवर चालवली. उत्तरात दोन गोष्टी होत्या : प्रोग्राम ३२ बिटचा आहे, आणि तो मेमरीत चढवण्यासाठी ३२ बिटचा लोडर लागतो. तो लोडर नव्या मशीनवर नव्हता. ‘अशी फाइल नाही’ ही तक्रार प्रोग्रामबद्दल नव्हतीच, ती लोडरबद्दल होती. लिनक्स हा संदेश देताना नेमकी कोणती फाइल नाही ते सांगत नाही, म्हणून माणूस डोळ्यांसमोर असलेल्या फाइलवरच संशय घेत राहतो. स्वयंसेवी संगणनात नवं मशीन लावणाऱ्या कुणालाही हे भेटू शकतं, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

हवामानाच्या प्रतिकृती फोर्ट्रानमध्ये लिहिलेल्या, लाखो ओळींच्या असतात. शास्त्रज्ञ त्या पुन्हा बांधायला नाखूश असतात, कारण कंपायलर बदलला की दशांशातला बारीक फरक पडतो आणि हवामानाच्या गणितात तो फरक वाढत जातो. आधीच्या हजारो निकालांशी तुलना टिकवायची तर जुनाच प्रोग्राम चालवणं शहाणपणाचं ठरतं. प्रकल्पाचं काही चुकत नव्हतं. आपल्या मशीनवर त्याला लागणारी गोष्ट नव्हती.

जुन्या मशीनवर ती होती. कुणीतरी काही वर्षांपूर्वी ३२ बिटच्या लायब्ररी टाकून ठेवल्या होत्या आणि लेखी सूचनांत त्याचा उल्लेख नव्हता.

तिसरा निर्णय : ३२ बिटचं काय करायचं

डेबियन १३ने ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही बंद केले आहेत. आता आय-३८६, म्हणजे डेबियनचं ३२ बिटचं रूप, उरलं आहे ते ६४ बिटच्या मशीनवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरतं. या एका बदलाने लॅबमध्ये दोन वेगळे प्रश्न उभे केले.

पहिला सोपा होता. ६४ बिटच्या मशीनवर आय-३८६ हे जोड-आर्किटेक्चर म्हणून सुरू केलं, ३२ बिटची जीलिबसी, सी प्लस प्लसची लायब्ररी आणि झेडलिब टाकली. साठ्याची सेटिंग अगदी कमी केली, म्हणजे एका वेळी एखादंच काम येईल. मग दार उघडलं. काम सुरू झालं आणि चालत राहिलं. पहिली काही मिनिटं कुणी जागचं उठलं नाही.

दुसरा प्रश्न कोपऱ्यातल्या त्या दोन जुन्या मशीनचा. त्यांना १३ मिळणारच नव्हती. १२ टाकून जून २०२८पर्यंत चालवता आली असती. आबांचा जीव त्यांच्यात होता. लॅब सुरू झाली ती याच मशीनवर. पण नोंदवही उघडल्यावर चित्र स्पष्ट झालं : एकेक मशीन शंभराच्या वर वॅट खात होतं आणि आय-थ्री काही तासांत उरकते ते काम त्यांना दिवसच्या दिवस पुरत होतं. दानाची वीज कॉलेजच्या पैशाची आहे. तेवढ्याच युनिटमध्ये कितीतरी जास्त काम शेजारचं मशीन करत असेल, तर जुन्याला चालू ठेवण्याचं समर्थन करता येत नाही. दोन्ही मशीन बॉइंकमधून काढली. आता ती पहिल्या वर्षाच्या मुलांना हार्डवेअर उघडून दाखवायला वापरतात.

दुसरा अडथळा : निकाल परत गेले, पण ग्राह्य नाहीत

प्रायोगिक मशीनचे निकाल दोन्ही प्रकल्पांत ग्राह्य ठरू लागले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सुटीत, बाकीची मशीन करायचं ठरलं. प्रायोगिक डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढून ती सगळ्यांवर उतरवायची योजना होती. प्रतिमा काढण्याआधी बॉइंकचा डेटा फोल्डर पूर्ण रिकामा केला, मशीनची ओळख-फाइल आणि एसएसएचच्या (दुरून मशीनमध्ये शिरण्याच्या सोयीच्या) किल्ल्या काढून टाकल्या. हे केलं नसतं तर सगळी मशीन सर्व्हरकडे एकाच ओळखीने गेली असती आणि कोणाचं काम कोणाचं हा घोळ झाला असता. ही काळजी त्यांनी आधीच घेतली होती, म्हणून त्याबद्दल सांगण्यासारखं पुढे काही घडलं नाही.

नंतरच्या अद्यतनांसाठी पॅकेजेस साठवणारा एक छोटा सर्व्हर लॅबमध्येच उभा केला, म्हणजे गावच्या इंटरनेटवरून एकेक पॅकेज एकदाच उतरेल. इन्व्हर्टरवर एका वेळी चारच मशीन लावायची असंही ठरलं. लाईट गेलीच, पण एकाही मशीनवर प्रतिमा पुन्हा उतरवावी लागली नाही.

विंडोजची चार मशीनही याच फेरीत डेबियनवर आली. त्याच वेळी सगळ्या मशीनची रॅम ८ जीबी करायची म्हणून जुन्या डीडीआर-३च्या पट्ट्या जळगावहून आणल्या होत्या. प्रतिमा आणि रॅम एकाच दिवशी बसवली गेली.

दिवाळीनंतर एका मशीनचे आइन्स्टाइनचे निकाल शेजारच्यांशी जुळेनात. आधी ‘अनिर्णित’, मग तिसऱ्या मशीनचं उत्तर आल्यावर ‘अग्राह्य’. काम शंभर टक्के पूर्ण होत होतं, कुठेही त्रुटी दिसत नव्हती. बोट लगेच नव्या आवृत्तीकडे गेलं. काहींचं म्हणणं पडलं की १३ मागे घ्यावी.

इथे प्रायोगिक मशीन आणि त्याच्या शेजारचं जुनं, दोन्ही कामी आली. १३ असलेली बाकी सगळी मशीन ग्राह्य निकाल देत होती. म्हणजे एकट्या आवृत्तीचा दोष असणं संभवत नव्हतं. त्या मशीनवर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालवली आणि पडद्यावर त्रुटींच्या ओळी उमटल्या. नवीन घातलेली पट्टी सदोष होती. ती काढल्यावर निकाल पुन्हा जुळू लागले.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. रोजच्या वापरात ही पट्टी कदाचित वर्षभर कुणाच्या लक्षात आली नसती. कधीतरी ब्राउझर बंद पडला असता, कुणीतरी मशीन रिस्टार्ट केलं असतं. दिवसरात्र आकडेमोड आणि परक्या मशीनशी उत्तर जुळवण्याची शिस्त, यामुळे ती काही दिवसांत पकडली गेली. त्याच मशीनवर मुलं आपले प्रोजेक्ट लिहितात. संशोधनाला दिलेल्या वेळातून लॅबलाही हे मिळालं, आणि प्राचार्यांना पाठवलेल्या महिन्याच्या अहवालात सरांनी ते आवर्जून लिहिलं.

काय निष्पन्न झालं

नोव्हेंबरअखेर १४ मशीन डेबियन १३वर दोन्ही प्रकल्पांना काम देत होती. कामाचा वेग पूर्वीइतकाच राहिला, सरांनी सांगितलं होतं तसाच. एका मशीनमागे होणारं काम वाढलं नाही. एकूण काम वाढलं ते चार विंडोज मशीन आल्यामुळे, आणि जुनी दोन गेल्याने वीज त्या मानाने कमी वाढली. फरक जिथे पडला ते व्यवस्थापन होतं : एकच प्रतिमा, एकच सूचनांचा कागद, दीर्घकालीन आधार धरून पाचेक वर्षांची निश्चिंती.

उष्णतेसाठी बॉइंकमध्ये एक सेटिंग बदलली. आधी ‘प्रोसेसरचा ७५ टक्के वेळ’ असं लिहिलं होतं. त्याने काम थोडं चालतं, थोडं थांबतं, आणि तापमान सतत वर-खाली होत राहतं. आता ‘७५ टक्के प्रोसेसर’ असं केलं आहे : प्रोसेसरच्या चार धाग्यांपैकी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या वाटांपैकी) तीन सलग चालतात, एक प्रॅक्टिकलच्या मुलांसाठी मोकळा. ऑक्टोबरच्या उन्हातही तापमान स्थिर राहिलं. काम थांबवल्यावर ते मेमरीतच राहू द्यायचं, हीही सेटिंग ८ जीबी रॅममुळे परवडली. नाहीतर हवामानाचं काम प्रत्येक प्रॅक्टिकलनंतर मागच्या नोंदबिंदूपासून (शेवटी जिथवर साठवलं तिथून) पुन्हा सुरू व्हायचं.

वेगळं काय करता आलं असतं

३२ बिटचा अडथळा फॉरमॅट मारण्याआधीच दिसू शकला असता. जुन्या मशीनवरच्या पॅकेजेसची यादी पेन ड्राइव्हवर घेतलेली होती, पण नव्या मशीनच्या यादीशी ती ताडून पाहिली गेली नाही. दोन याद्या शेजारी ठेवल्या असत्या तर आय-३८६च्या ओळी लगेच नजरेत भरल्या असत्या. त्याहून सोपा मार्ग म्हणजे जुन्या मशीनवरच्या प्रकल्पांच्या प्रत्येक प्रोग्रामवर ‘फाइल’ आज्ञा चालवून किती ३२ बिटचे आहेत ते पाहणं.

साठ्याची सेटिंग प्रयोगापूर्वीच कमी करायला हवी होती. बॉइंकमध्ये खात्यावर घर, ऑफिस, शाळा अशी ठिकाणं वेगळी ठेवून प्रत्येकाला वेगळ्या आवडीनिवडी देता येतात. प्रायोगिक मशीन वेगळ्या ठिकाणात टाकलं असतं तर बाकीच्यांना हात न लावता त्याचा साठा शून्याजवळ आणता आला असता. आता त्यांनी तसं एक ठिकाण करून ठेवलं आहे.

प्रणाली आणि रॅम एकाच दिवशी बदलण्याचं कारण व्यवहारी होतं : सुटी थोडी, माणसं कमी, मशीन एकदाच उघडायची. मला ते समजतं. तरीही रॅम आधी बसवून जुन्या प्रणालीवर एक रात्र मेमटेस्ट चालवली असती, तर सदोष पट्टी दिवाळीआधीच बाजूला निघाली असती आणि १३ मागे घेण्याची भाषा झालीच नसती. वापरलेली रॅम आणली तर मेमटेस्टशिवाय कामाला लावायची नाही, असं आता सूचनांच्या कागदावर आहे.

ग्रंथालयातल्या मशीनचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. तिथेही हे सुरू करावं अशी मुलांची इच्छा आहे. पण ती मशीन दिवसभर वाचकांच्या हातात असतात, आणि डेबियनमध्ये बॉइंक पडद्यामागची सेवा म्हणून चालतं, तिला सुरक्षेसाठी केलेल्या बंदिस्तीमुळे ‘कुणी कीबोर्डला हात लावला की थांब’ ही बॉइंकची सोय नीट चालत नाही. क्लायंट वापरकर्त्याच्या खात्यातून चालवावा, की वेळापत्रक लावून फक्त ग्रंथालय बंद झाल्यावर चालवावा, यावर बोलणं सुरू आहे. सर वेळापत्रकाच्या बाजूचे आहेत, मीही.

लॅबमध्ये पुढची तारीख ठरली आहे ती १ फेब्रुवारी. त्या दिवसापासून हवामानाच्या प्रकल्पाला नवीन काम नाही, फेब्रुवारीच्या मध्यापासून आइन्स्टाइनलाही नाही, म्हणजे मार्चमध्ये मशीन बंद होतील तेव्हा कुणाचंही काम अर्ध्यावर राहणार नाही.